मापासाठी उभा केलेला माणूस

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या माझ्या नातीने रायपुरातील आमच्या घरातले जुने अल्बम माळ्यावरून काढले आणि त्यांतली एकेक तसबीर मोबाइलवर उतरवून घेण्याचा उद्योग आरंभला. काळ्या जाड कागदाची पाने, दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उमटवलेला पातळ कागद, आणि डिंक वाळून गेल्यामुळे हात लागताच गळून पडणारे ते त्रिकोणी कोपरे, असा तो सगळा जामानिमा. सिरपूरच्या लक्ष्मण मंदिरापुढे काढलेल्या एका चित्रापाशी ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, हा कडेचा माणूस पुसून टाकू? आपल्यातला कुणी दिसत नाही. आणि खाली हा डाग पडलाय, तोही जाईल." तिचे बोट काचेवर टेकण्याच्या बेतात होते. मी "नको" म्हणालो, आणि ते जरुरीपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणालो, असे नंतर घरातल्यांनी मला सांगितले. पोर बिचारी ओशाळली. त्या वेळी तिच्यापुढे मांडता न आलेली कैफियत आता सवडीने मांडतो आहे.

चित्र 1969 च्या जानेवारीतले. मंदिराच्या दगडी जोत्यापुढे माझी आई, नागपूरहून आलेली आत्या आणि अर्ध्या चड्डीतले आम्ही दोघे भाऊ. सकाळचे ऊन समोरून तोंडावर आल्यामुळे चौघांचेही डोळे बारीक झालेले आहेत, आणि आई हसते आहे की कुरकुरते आहे, हे आजतागायत ठरलेले नाही. आमच्यापासून सात-आठ पावलांवर, उजव्या अंगाला, जोत्याला जवळजवळ पाठ लावून, गुडघ्यापर्यंतचे धोतर नेसलेला, खांद्यावर कांबळे आणि डोक्याला मुंडासे असलेला एक गृहस्थ उभा आहे. त्याच्या हातात मिटलेली छत्री आहे, आणि ती त्याने बंदुकीसारखी अंगाशी सरळ धरली आहे. चित्राच्या खालच्या कडेला एक काळपट, वेडावाकडा डाग आहे. रोल धुताना तो पडला असावा असे आम्ही समजत आलो, आणि ज्याच्याकडे रोल धुवायला टाकला होता त्याला त्यापायी घरात अनेकदा नावे ठेवली गेली. पाठीमागे वडिलांच्या अक्षरात मजकूर आहे: 'लक्ष्मण मंदिर, सिरपूर. सौ., ताई, मुले.' छत्री धरलेला माणूस त्या गणतीत नाही.

हे चित्र का काढले गेले, हे समजण्यासाठी वडिलांची थोडी हकीकत सांगणे भाग आहे. ते पाटबंधारे खात्यात हिशेबनीस होते. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा एकच मुलूख असताना नागपुराहून रायपुरास बदली होणे ही आजच्यासारखी परराज्यात जाण्याची गोष्ट नव्हती. राजधानी नागपूरच, आणि भोसल्यांच्या अमलापासून इकडे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांचे तात्यापारा, बुढापारा असे मोहल्लेही ओळखीचे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिले, आणि वडील न हलताच परमुलखात जाऊन पोहोचले. तेव्हापासून नागपूरच्या नातलगांच्या पत्रांतून एक प्रश्न कायमचा येऊ लागला: तिकडे आहे तरी काय? भात, तलाव आणि मलेरिया एवढीच त्यांची छत्तीसगडविषयीची माहिती. वडिलांनी ॲग्फा क्लिकचा डबा विकत घेतला तो, माझी खात्री आहे, मुख्यतः या प्रश्नाचे लेखी उत्तर देण्यासाठी.

एका रोलवर बारा चौरस चित्रे निघत. बारांचा हिशेब वडील प्रवासास निघण्यापूर्वीच एका चिठोऱ्यावर मांडीत, आणि त्यात एखादे चित्र 'शिल्लक' म्हणून धरलेले असे. सिरपूरच्या सहलीतली अकरा चित्रे आज शाबूत आहेत. बारावे वडिलांनीच डबा अवेळी उघडल्यामुळे उजेड शिरून गेले. त्या अकरांपैकी एकातही वडील नाहीत, कारण डबा दुसऱ्याच्या हाती देण्याइतका विश्वास त्यांनी आयुष्यात फारसा कुणावर टाकला नाही.

आता चित्रातल्या गृहस्थाकडे वळू. मंदिर विटांचे आहे आणि मोठे आहे, पण बारा पैशांच्या डाक तिकिटाएवढ्या त्या दृश्यचौकटीतून पाहताना ते वडिलांना खेळण्यासारखे दिसू लागले असावे. आम्हाला जोत्याजवळ उभे करावे तर चेहरे दिसेनात, आणि चेहरे दिसावेत म्हणून पुढे घ्यावे तर देवळाची उंची जाई. तेव्हा त्यांनी जवळच उभ्या असलेल्या या माणसास हाक मारून जोत्याला लागून उभे राहायला सांगितले. तो म्हणाला, "मैं फोटू मा का करहूँ, बाबू?" फोटोत मी काय करणार? या वाक्याबद्दल मात्र घरात कधीच मतभेद नव्हता. आईलाही तेच आठवत होते आणि आत्यालाही. वडिलांनी उत्तर दिले की काही करायचे नाही, नुसते उभे राहायचे, म्हणजे देऊळ केवढे आहे ते नागपूरच्या लोकांना कळेल. आणि डब्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून, उन्हाळा-पावसाळा न पाहता ज्या छत्रीला ते कधी अंतर देत नसत, ती त्यांनी त्या माणसाच्या स्वाधीन केली.

माणसास माप म्हणून उभे करण्याची ही चाल वडिलांनी शोधून काढलेली नव्हे. प्राचीन वास्तूंची छायाचित्रे हिंदुस्थानात घेतली जाऊ लागली तेव्हापासून ती चालत आलेली आहे. पुरातत्त्व खात्याच्या कामावर 1873-74 साली बेग्लर या मुलखातून हिंडला, सिरपूरविषयी त्याने विस्ताराने लिहिले, आणि त्याच्यासारख्या निरीक्षकांच्या सामानात त्या काळी कॅमेरा आणि काचांच्या पेट्या असत. या काळातील चित्रे चाळली तर कमानीखाली, खांबाला टेकून, शिखराच्या पायथ्याशी असा एखादा माणूस हटकून आढळतो. तो तेथे भक्त म्हणून आलेला नाही आणि प्रवासी म्हणूनही आलेला नाही. काठी किंवा पट्टी लावावी तसा तो लावलेला आहे. वास्तूचे नाव, गाव, शतक, काढणाऱ्याचे नाव, हे सारे चित्राखाली येते. मापाला कोणी नाव विचारीत नाही.

यावर कुणी म्हणेल की पुढे ही प्रथा सुधारली. सुधारली खरी. सिरपूरलाच 1953 नंतर डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी उत्खनन केले आणि आनंदप्रभू नावाच्या भिक्षूचा विटांचा विहार, भूमिस्पर्श मुद्रेतल्या बुद्धमूर्तीसह, मातीखालून बाहेर काढला. तोवर पुरातत्त्वाच्या शास्त्रात माणसाच्या जागी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मापदांडी आलेली होती. दांडी अचूक असते, ती पापणी हलवीत नाही, आणि मुख्य म्हणजे तिला घरदार नसते. शास्त्राच्या दृष्टीने ही प्रगती निर्विवाद आहे. परंतु ज्या कामासाठी लाकडाची दांडी अधिक चांगली ठरली, त्या कामावर आपण पाऊणशे वर्षे माणसे लावली होती, एवढी नोंद तरी करायला हवी होती. ती केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

अजिंठ्याकडे पाहिले म्हणजे या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला कंपनी सरकारने 1844 साली लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमले. त्याने वर्षानुवर्षे राबून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. परंतु त्याच्या छायाचित्रांचे पुस्तक फर्ग्युसनच्या मजकुरासह 1864 मध्येच प्रसिद्ध झालेले असल्यामुळे, रंगांत नाही तरी करड्या छटेत त्याची मेहनत मागे राहिली. पण मराठी माणसाला गिल आठवतो तो यापैकी कशामुळेच नव्हे. तो आठवतो त्याची प्रेयसी पारो हिच्यामुळे, जिचे 1856 सालचे थडगे अजिंठा गावात आहे. तिचा चेहरा कसा होता ते कुणालाच ठाऊक नाही, आणि तरीही तिची गोष्ट गावातले पोरदेखील सांगते. पारोच्या वाट्याला गोष्ट आली, चित्र आले नाही. देवळापुढे उभ्या केलेल्या माणसाच्या वाट्याला चित्र आले, गोष्ट आली नाही. दोघांपैकी अधिक काळ जिवंत कोण राहिले, हे सांगण्यासाठी मोठ्या पांडित्याची गरज नाही.

छायाचित्राला आपण पुरावा म्हणतो, पण पुराव्याचा कायदाच त्यावर तेवढा विश्वास ठेवीत नाही. 1872 चा साक्षीचा कायदा असो की 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेला भारतीय साक्ष्य अधिनियम असो, कोर्टात चित्र नुसते पुढे ठेवून भागत नाही. ते कुणी, केव्हा, कशाने काढले हे सांगायला कुणीतरी पिंजऱ्यात उभे राहावे लागते, किंवा यंत्रातून निघालेल्या नोंदीसाठी जबाबदार माणसाचा दाखला जोडावा लागतो. दस्तऐवजाला जबानीचा आधार लागतो, हे जुन्या अंमलदारांना पक्के ठाऊक होते. सहलीच्या चित्रांबाबत मात्र आपण हा नियम गुंडाळून ठेवतो. अल्बममधली आत्या आहे म्हणून आत्याची आठवण सुरक्षित आहे असे समजतो. आणि जबानी देणारे एकेक करून निघून गेले म्हणजे त्याच अल्बमची किंमत रद्दीवाल्याच्या तराजूत ठरते. रायपूरच्या गोल बाजाराजवळ अशी काही चित्रे मी रद्दीच्या ढिगात पाहिली आहेत: कुठल्याशा घाटावर कपडे वाळत घातलेले, एक मुलगा कुल्फी खातो आहे, पाठीमागे कोरे. ती घ्यावीशी वाटली, पण घेऊन करायचे काय?

मात्र जबानी पवित्र असते असे मानण्याइतका मी भोळा नाही, आणि येथे मला माझ्याच बाजूविरुद्ध साक्ष दिली पाहिजे. आत्या पुढे तीस वर्षे सांगत राहिली की त्या दिवशी मावठाचा पाऊस पडत होता, तो माणूस देवळाचा चौकीदार होता, आणि त्याने आपल्या छत्रीखाली तिला नदीपर्यंत नेले. आई म्हणे, पाऊस कसला? तो आमचा गाडीवान. आदल्या दिवशी मोठ्या रस्त्याच्या फाट्यापासून त्यानेच आपल्या बैलगाडीतून आम्हाला आणले, वाटेत धाकट्याला ताप भरला तेव्हा अंगावरचे कांबळे काढून दिले, आणि रात्री ज्या मास्तरांकडे आमचा मुक्काम होता तेथपर्यंत पोराला उचलून नेले. आत्याच्या पावसाला चित्र सरळ खोटे पाडते: छत्री मिटलेली आहे, आणि जोत्याच्या दगडावर त्या माणसाची सावली इतकी स्वच्छ पडली आहे की मुंडाशाचा शेवही ओळखता यावा. छत्री त्याची नव्हती, हे तर आम्हा सर्वांना ठाऊकच होते. आईच्या कांबळ्याला मात्र चित्रात आधार मिळतो. एवढ्यावरून आईचा सगळा दावा मंजूर करावा काय? मी करीत नाही. कांबळे छत्तीसगडात जानेवारीत कुणाच्याही खांद्यावर असते.

तेव्हा चित्र आणि गोष्ट या दोघांनी एकमेकांची रुजवात घ्यावी, हा माझा मुद्दा आहे. गोष्ट वाढत जाते. सांगणाऱ्याच्या मनात जे व्हायला हवे होते, ते ती हळूहळू झालेले करून टाकते, आणि तिला आळा घालायला चित्र लागते. उलट चित्र मख्ख असते. क्षणाच्या अलीकडचे आणि पलीकडचे त्याला काही ठाऊक नसते, आणि त्याला बोलते करायला गोष्ट लागते. म्हणूनच खाडाखोड करायची झाली तर ती मी गोष्टीत करीन, चित्रात करणार नाही. आत्याचा पाऊस खोडता येतो. त्यात कुणाचे नुकसान नाही, आणि आत्या चिडली तरी ती मोकळेपणाने भांडते. पण चित्रातून माणूस पुसला तर भांडायला कुणी उरतच नाही.

ज्या देवळापुढे आम्ही उभे होतो, तेही मुळात स्मरणार्थच उभारलेले. सातव्या शतकात, महाशिवगुप्त बालार्जुनाच्या राज्यात, त्याची आई वासटा हिने आपल्या दिवंगत पतीच्या, हर्षगुप्ताच्या, स्मृतीसाठी हे विष्णूचे मंदिर बांधविले. दारावरच्या शिळेत शेषशायी आहे, आणि नाव मात्र लोकांनी लक्ष्मणाचे दिले. मंदिराचा शिलालेख सापडला नसता तर विधवा राणीची ही गोष्ट कुठल्या विटेने सांगितली असती? त्या प्रशस्तीत राणी आहे, राजा आहे, माहेरचा वंश आहे, रचणाऱ्या ईशान कवीचेही नाव आहे. ज्यांनी महानदीच्या काठची माती मळून त्या लाखो विटा भाजल्या, आणि ज्यांच्या हातांमुळे आज तेराशे वर्षांनंतरही सांध्यात पाते शिरत नाही, त्यांचे नाव नाही. वडिलांच्या पाठमजकुरातही तेच झाले. मी वडिलांना दोष देत नाही. राजप्रशस्तीची रीतच त्यांनी अजाणता चालवली.

परंतु वडिलांनी त्या माणसाला उभे तरी केले. आज उलटे झाले आहे. 1888 साली ईस्टमनने शंभर चित्रांची पट्टी आत भरूनच कॅमेरा विकायला काढला आणि बटण दाबण्यापलीकडचे सारे काम कारखान्याकडे सोपवले, तेव्हा प्रवाशाच्या डोक्यावरचा तांत्रिक भार उतरला; मोबाइलने तर हिशेबाचाही भार उतरवला. माझी नात गंगरेलच्या धरणावर एका दुपारी जितकी चित्रे काढते, तितकी वडिलांनी उभ्या जन्मात काढली नसतील. यात रडण्यासारखे काही नाही, आणि 'आमच्या वेळी' असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मला बसायचेही नाही. उलट तिच्या प्रत्येक चित्राच्या पोटात तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. वडिलांच्या चिठोऱ्यापेक्षा ते दप्तर कितीतरी चोख आहे. माझे भांडण त्या पुसण्याशी आहे. नावेतून काढलेल्या चित्रातून नावाडी जातो, देवळापुढून फुले विकणारी बाई जाते, आणि प्रवास असा दिसू लागतो की जणू साऱ्या मुलखात त्या दिवशी आपल्या कुटुंबाशिवाय कुणी हजरच नव्हते. आणि पुसलेली जागा रिकामी राहत नाही, हे विशेष. यंत्र तेथे आजूबाजूचे पाहून भरणा करते. सिरपूरच्या त्या चित्रातून छत्रीवाला पुसला असता तर त्याच्या मागे, वासटेच्या गवंड्यांनी कधीही न रचलेल्या, दगड-विटांचे एक नवे बांधकाम उभे राहिले असते, आणि ते इतके बेमालूम झाले असते की उद्या कुणी संशोधकाने त्यावरून थर मोजले तरी आश्चर्य नाही.

नातीला हे सगळे मी तेव्हा सांगू शकलो नाही. पण तिने न रागावता त्या चित्राची मोठी प्रत काढून पाठवली, काही न पुसता. ती घेऊन यंदाच्या माघात, पौर्णिमेच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर, मी सिरपूरला गेलो. आता रायपुरापासून आरंगवरून थेट देवळाच्या फाटकापर्यंत डांबरी रस्ता आहे, तिकीट आहे, कातरलेली हिरवळ आहे. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी मोठा दिसणारा एक म्हातारा उन्हाला बसला होता. त्याच्यापुढे चित्र धरून मी उजवीकडल्या माणसावर बोट ठेवले आणि ओळखता का म्हणून विचारले. त्याने चष्मा पुसला, चित्र जवळ नेले, लांब धरले.

"नइ चिन्हत हँव," तो म्हणाला. नाही ओळखत.

टपरीवाल्याने पाहिले, त्याच्या बायकोने पाहिले. कुणी म्हणाले, मुंडासे बांधण्याची तऱ्हा नदीपलीकडची दिसते. कुणी म्हणाले, तशी तर सगळेच बांधीत. मी प्रत परत घ्यायला हात पुढे केला, पण म्हाताऱ्याने ती सोडली नव्हती. त्याचे बोट खालच्या कडेवर होते.

"अउ ए काकर छइँहा ए?"

ही सावली कुणाची? मी वाकून पाहिले. ज्याला आम्ही पंचावन्न-छप्पन्न वर्षे धुलाईचा डाग म्हणत आलो, त्याला मोठ्या प्रतीत वर एक टोपी होती आणि टोपीच्या दोन्ही अंगांना, डोळ्याशी डबा धरताना निघतात तशी, दोन कोपरे बाहेर निघालेली होती. सूर्य पाठीशी घेऊन चित्र काढावे, असे त्या डब्याबरोबर आलेल्या पत्रकात छापलेले असे, आणि छापील सूचनेबाहेर वडील कधी गेले नाहीत.

"बाबूजींची," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने मान हलवली, चित्र पुन्हा उन्हात धरले, आणि टोपीच्या टोकापासून छत्रीवाल्याच्या पायांपर्यंत बोट सरकवीत, मध्ये किती पावले पडतील ते तो ओठांतल्या ओठांत मोजू लागला.